संथ वाचनाचें सुख

“हातीं घेतलेलें पुस्तक संपवूनच खालीं ठेवलें,” हें कादंबरीच्या स्तुतीचें आपल्याकडील ठरलेलें वाक्य आहे. ही स्तुति नेहमींच खोटी असते असें नाहीं. परंतु धांवत्या वाचकाला जी कादंबरी आपलें मर्म सांगतच नाहीं, तिची योग्यता या मापानें कशी ठरावी? इंग्रज चित्रकार व लेखक मर्व्हिन पीक यांची ‘टायटस ग्रोन’ (१९४६) ही प्रदीर्घ अद्भुतरम्य कादंबरी या जातीची आहे. आम्हीं ती रोज एका प्रकरणाहून अधिक न वाचण्याचा नेम करून वाचली, आणि तिचें खरें सुख या संथपणांतच आहे अशी आमची खात्री झाली.

अद्भुत म्हटलें कीं राक्षस, जादूगार व उडते घोडे डोळ्यांपुढें येतात. येथें त्यांतलें कांहींच नाहीं. अद्भुत आहे तो गॉर्मेनघास्ट नांवाचा अफाट, जीर्ण किल्ला आणि त्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आचार. प्रारंभींच किल्ल्याच्या तटाबाहेर झोपड्यांतून राहणाऱ्या कारागिरांची हकीकत येते. हे लोक वर्षभर खपून लांकडी शिल्पें कोरतात. जूनच्या पहिल्या दिवशीं त्यांतलीं तीन निवडण्यांत येतात व उरलेलीं जाळून टाकण्यांत येतात. निवडलेलीं शिल्पें ज्या दालनांत ठेवतात तेथें सहसा कोणी फिरकतही नाहीं! कथानकाशीं या मजकुराचा संबंध बेताचाच असल्यामुळें उतावळा वाचक तो ओलांडून जाईल. परंतु कृति उरली आणि तिचा अर्थ हरपला, हें गॉर्मेनघास्टचें दुखणें या थोड्या पानांतच आलेलें आहे. तें ज्यानें ओळखलें त्याला पुढील प्रत्येक विधि निराळा दिसूं लागतो.

नायकाचा जन्म आरंभीं होतो आणि शेवटचें पान येतें तेव्हां त्याला दोन वर्षेंही पुरीं झालेलीं नसतात. मग एवढ्या विस्तारांत घडतें काय? आपण त्या किल्ल्यांत राहूं लागतों. नायकाचा पिता, शहात्तरावा उमराव सेपल्क्रेव्ह, ग्रंथांत लिहून ठेवलेले विधि रोज निमूटपणें पार पाडतो. त्याचा एकच विसावा म्हणजे त्याचें ग्रंथालय. त्या खिन्न माणसाचा हा विसावा आपल्या पुऱ्या परिचयाचा झाला कीं ग्रंथालयाला आग लागते. पुढें उमरावाची बुद्धि भ्रमते, याचें आपल्याला नवल वाटत नाहीं. आपलेंही कांहीं त्या आगींत गेलेलें असतें. सारांश वाचून ही घटना कळेल, पण हा चटका बसणार नाहीं.

तथापि संथपणें वाचलें म्हणजे चांगलें वाचलें असें होत नाहीं. अर्थाकडे लक्ष न देतां पोथीचा रोजचा अध्याय उरकणारे भाविक आपण पाहतों. गॉर्मेनघास्टमधील विधि असेच उरकले जातात. उलट मुदपाकखान्यांतून निसटलेला स्टीअरपाइक हा तरतरीत पोरगा छपरांवर चढून साऱ्या किल्ल्याचा विस्तार पाहतो, परंतु त्याला तो किल्ला म्हणजे वर चढण्याची शिडी वाटते. ग्रंथालयाला आग लावविणारा तोच! नुसता नेम पाळणारे आणि नुसता शेवट गांठूं पाहणारे, असे वाचकांचेही दोन वर्ग आहेत. भिंतीवरच्या ओलीपाशीं थांबेल आणि आपण कां थांबलों हेंही स्वतःस विचारील, असा तिसरा वाचक पीक यांना हवा आहे.

ग्रंथ निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वर्णनाच्या हौसेपायीं कित्येक ठिकाणीं वाक्य इतकें लांबतें कीं त्यांतील चित्रच पुसट होतें. या मालिकेंतील तिसरा भाग (१९५९) तर लेखकाची प्रकृति ढासळत असतां पुरा झाला, व त्याची बांधणी सैल आहे. परंतु ‘टायटस ग्रोन’ व त्यापुढील ‘गॉर्मेनघास्ट’ (१९५०) यांना वाचकानें एक पावसाळा द्यावा, अशी आमची शिफारस आहे. घरांत दोघांनीं मिळून वाचल्यास उत्तमच. एकाच्या नजरेंतून सुटलेला जिना दुसऱ्याला सांपडतो.