ओव्हलवरची हत्तीण आणि परदेशातला ढोल

भारताने मोठा सामना जिंकला की पडेगावात काय आणि गुलमंडीवर काय, गाड्यांवर तिरंगे फडकतात आणि गणपतीत वाजलेले ढोल पुन्हा बाहेर येतात. हा उत्साह साता समुद्रापार गेला, त्याचा एक किस्सा स्मरणिकेत नोंदवण्याजोगा आहे.

ऑगस्ट 1971. लंडनच्या ओव्हल मैदानावर अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडविरुद्ध तिसरी कसोटी खेळत होता. इंग्लंडच्या भूमीवर भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. फिरकीपटू चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेऊन यजमानांना दुसऱ्या डावात 101 धावांत गुंडाळले आणि भारताला विजयासाठी 173 धावा हव्या होत्या. शेवटचा दिवस, 24 ऑगस्ट, नेमका गणेश चतुर्थीचा! तिथल्या भारतीय पाठीराख्यांनी मुहूर्त साधला. चेसिंग्टन प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून त्यांनी ती चक्क ओव्हलवर मिरवली. साक्षात गजाननच पाठीशी उभा केला म्हणा ना! वाडेकर त्या दिवशी सुरुवातीलाच धावबाद झाले, पण भारत चार गडी राखून जिंकला आणि मालिकाही आपली झाली.

स्टेडियममधला पाठिंबा पुढे संघटित झाला. 1999च्या विश्वचषकात इंग्लंडमध्ये ‘भारत आर्मी’ उभी राहिली. ढोल ही तिची ओळख. मात्र तो बहुतांशी पंजाबी ढोल.

मराठी ढोल-ताशा परदेशात टिकला तो तिथल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात, आणि त्याचे मोल जास्त वाटते. हे वादन एकट्याचे नाही. कमरेला ढोल बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, आणि ताशाने इशारा दिला की सगळ्यांनी एकदम ‘हात’, म्हणजे ठेका, बदलायचा. पान सैल पडले की दोरी ओढून ढोल पुन्हा ताणायचा. आठवडाभर नोकरी करून, शेजाऱ्यांच्या कानांचा विचार करत हा सराव सांभाळणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. त्यांची नावे कुठल्याही धावफलकावर येत नाहीत.

पडेगावातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींना एवढीच विनंती: जाण्याआधी इथल्या पथकात एक गणेशोत्सव मनापासून वाजवा आणि तिथल्या मंडळात स्वतःहून नाव नोंदवा.