‘पडीक’ खाजणावरचे स्टेडियम

क्रीडासंकुलाला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो वसईच्या खाजणाला ‘पडीक’ म्हणण्याला. भरती-पावसाचे पाणी खाजण पोटात घेते, ओहोटीला खाडीत सोडते. तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. तिथे स्टेडियमसाठी भराव घातला, तर तेच पाणी शेजारच्या वस्तीत शिरते. जुलै २०१८ च्या पावसात वसईतील मिठागराची वस्ती पाण्याने वेढली, लोकलही थांबल्या. त्याच वर्षी नवी मुंबईतील पाणथळीवरच्या गोल्फ मैदानासाठी केलेला जमीनवापर-बदल मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला.

मैदान हवेच, पण चढावरच्या कोरड्या जागी. आराखडा आखणाऱ्यांनी आधी उधाणाच्या भरतीला खाजणाच्या बांधावर उभे राहावे. मग ‘पडीक’ लिहावे.