मालवणी शब्दांची व्युत्पत्ति : एक आक्षेप

मालवणी बोलींतील अपरिचित शब्दांचें मूळ शोधण्याची हौस पुष्कळांस असते. हौस स्तुत्य आहे; रीत मात्र आम्हांस मान्य नाहीं. दोन भाषांतील दोन शब्द कानास सारखे लागले, कीं एक दुसऱ्यापासून निघाला असा निकाल देऊन लोक मोकळे होतात.

‘गजाल’ हा शब्द घ्या. मालवणींत गजाल म्हणजे गप्पागोष्ट. तिचा संबंध अरबी-फारशी ‘गझल’शीं जोडतात. परंतु ‘झ’वरील ऱ्हस्व स्वर ‘जा’मध्यें दीर्घ कां व्हावा, याचा खुलासा होत नाहीं. शिवाय शेजारच्या कोंकणींत गजाल म्हणजे बाब किंवा प्रकरण असाहि अर्थ आहे. काव्यप्रकारापासून या अर्थापर्यंतची वाट दाखविल्यावांचून ही व्युत्पत्ति सिद्ध झाली असें आम्ही म्हणणार नाहीं.

खुद्द ‘मालवण’ या नांवाचीहि हीच गत आहे. कोणी मिठागरांवरून ‘महालवण’ म्हणतात, कोणी माडांवरून ‘माडबन’. दुसऱ्या पक्षानें राजापूर तालुक्यांतील माडबन हें गांव पाहावें. तेथें ‘ड’ आणि ‘ब’ दोन्ही शाबूत आहेत. एकाच किनाऱ्यावर एक नांव जसेंच्या तसें राहिलें आणि दुसरें इतकें बदललें, तर त्याचें कारण सांगितलें पाहिजे. पहिल्या पक्षास ध्वनीची अडचण कमी. पण मराठींत ‘लवण’ म्हणजे सखल जागाहि होय. तेव्हां ‘लवण’ मान्य केलें म्हणून मीठ सिद्ध होत नाहीं.

खरें प्रमाण शब्दाच्या प्रवासांत सांपडतें. ‘लिलाव’ पोर्तुगीज कीं अरबी, हा वाद व्यर्थ आहे. शब्द मुळांत अरबी, पण आपल्या किनाऱ्यास तो पोर्तुगिजांच्या तोंडून आला. गोमंतकीय पंडित दालगादो यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचीं रूपें शेजारीं शेजारीं मांडलीं. अनुकरणीय रीत ती. ‘मेज’ तर फारशींतहि आहे आणि पोर्तुगिजांतहि तत्सदृश आहे. तेथें कान निरुपयोगी. कोणत्या सालच्या, कोणत्या गांवच्या कागदांत तो प्रथम येतो, हेंच पाहावें लागेल.

संग्राहकांचा संबंध येथेंच येतो. काजूचें फळ पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आलें व नांवहि तेथील तुपी भाषेंतून आलें. १४९८ पूर्वींचा म्हणविणाऱ्या एखाद्या कागदांत ‘काजू’ आढळला, तर तो कागद बनावट तरी असेल, नाहीं तर मागाहून केलेली नक्कल तरी. असा एक शब्द कागदाचें वय सांगतो. परंतु नक्कलकारानें ‘माका’चें ‘मला’ आणि ‘खंय’चें ‘कोठें’ करून ठेवलें, तर साक्षीदारच नाहींसा होतो. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद दाखवीत नाहींत. तो बालबोध प्रतींत आपण घातला असेल, तर तसें नमूद करावें.

म्हणून आमची विनंति एवढीच : नक्कल मक्षिकास्थाने मक्षिका करावी. अशुद्ध वाटणारा शब्द सुधारूं नये. त्याखालीं रेघ ओढावी, आणि कागदाचें गांव व साल बाजूस टिपून ठेवावें. चुकलेली व्युत्पत्ति उद्यां दुरुस्त करतां येईल. मूळ कागद कसरीनें खाल्ल्यावर सुधारलेल्या नकलेंतून हरवलेला शब्द परत मिळणार नाहीं.