खरवडलेले गेथशेमाने

पवित्र गुरुवारच्या रात्री जागरणाला बसलेल्या आपल्या भाविकांच्या डोळ्यांपुढे गेथशेमानेचे जे चित्र उभे राहते, ते बहुधा घरच्या भिंतीवरचे असते. खडकावर हात जोडून टेकलेला प्रभू, वरून उतरणारा प्रकाशझोत, मागे निद्रिस्त शिष्य. त्या चित्रातली झाडे कशी आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराची जैतुनाची चित्रे, छापील प्रतिकृतींतून का होईना, पाहिली आणि हा प्रश्न आम्हाला पडला.

व्हिन्सेंट हा प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा. चित्रकार होण्यापूर्वी बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या मुलखात त्याने सुवार्तिकाचे काम केले. अंगावरचे कपडेही गरिबांना देऊन टाकले. १८७९ साली ती नेमणूक संपली, पुढे चालू ठेवण्यात आली नाही. अशा माणसाला गेथशेमाने रंगवावेसे वाटले, यात नवल नाही. १८८८ साली दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे बागेतील ख्रिस्त आणि देवदूत हा विषय त्याने दोनदा हाती घेतला आणि दोन्ही वेळा रंग खरवडून टाकला. समोर प्रत्यक्ष माणूस नसताना अशा आकृती रंगवणे त्याच्या मनाला पटेना. या खरवडण्याला आम्ही अश्रद्धा म्हणणार नाही. जे पाहिले नाही, ते पाहिल्याचा आव आणायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मे १८८९ मध्ये तो सें रेमी येथील मनोरुग्णालयात स्वेच्छेने दाखल झाला. रुग्णालय एका जुन्या मठाच्या वास्तूत होते आणि भोवती जैतुनाची बने होती. जूनमध्ये त्याला सेवकासोबत बाहेर जाण्याची मुभा मिळाली. वर्ष सरेपर्यंत त्याने या झाडांची सुमारे १५ तैलचित्रे केली. काही खोलीत परतून, पण बरीचशी बनातच उभे राहून.

बनात उभे राहून तैलरंगात काम करणे म्हणजे काय, हे समजून घ्यावे. १८४१ साली कथिलाच्या नळ्या निघाल्या आणि रंग शेतात नेणे सोपे झाले. बाकीचे अवघडच राहिले. तैलरंग लवकर वाळत नाही. त्यावर धूळ बसते, माश्या चिकटतात. चार चित्रांवरून शंभरावर माश्या काढल्याचे व्हिन्सेंटने १८८५ साली भावाला कळवले होते. दक्षिणेत मिस्त्राल वारा सुटला की तो ईझलचे पाय मातीत रोवी, शेजारी अर्धा मीटर लांबीची लोखंडी खुंटी ठोकी आणि सारे दोरीने बांधून टाकी. कॅन्सस सिटीच्या नेल्सन-अ‍ॅटकिन्स संग्रहालयात त्याचे ‘जैतुनाची झाडे’ हे चित्र आहे. २०१७ साली त्याच्या रंगात एक मृत नाकतोडा रुतलेला आढळला. १२८ वर्षे तो तेथेच होता.

त्याच १८८९ साली एमिल बर्नार आणि पॉल गोगँ या त्याच्या मित्रांनी जैतुनाच्या बागेतील ख्रिस्त रंगवला. गोगँने तर ख्रिस्ताला स्वतःचाच चेहरा दिला. बर्नारने पाठवलेली छायाचित्रे पाहून व्हिन्सेंट चिडला. वेदनेचा प्रत्यय देण्यासाठी थेट गेथशेमानेच रंगवावे लागते असे नाही, असे त्याने मित्राला सुनावले आणि तो पुन्हा बनात गेला. मिनिआपोलिस येथील चित्र त्याच हिवाळ्याच्या तोंडावरचे. पिवळ्याधमक आकाशात सूर्य समोर तळपतो आहे. खोडे पिळवटलेली, जमीन लाटांसारखी उचंबळलेली. सावल्या मात्र सूर्याच्या समोरून न येता तिरप्या पडल्या आहेत. छायाचित्राशी ताडून पाहणाऱ्याला ही चूक वाटेल. आम्हाला मात्र तेथे दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाची वेळ त्या सावल्यांत साठलेली दिसते.

तरीही आमची एक हरकत आहे. मित्रांचे चित्र फसले म्हणून प्रभूची आकृतीच नको, हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. शब्द देहधारी झाला असे मानणाऱ्यांना चेहरा टाळून कसे चालेल? खुद्द व्हिन्सेंटलाही ते साधले नाही. सप्टेंबर १८८९ मध्ये त्याने दलाक्र्वाच्या चित्राच्या छापील प्रतीवरून मरियेच्या मांडीवरचा मृत ख्रिस्त रंगवला. मे १८९० मध्ये रेम्ब्राँच्या चित्रावरून लाजरसाचे पुनरुत्थान रंगवताना मात्र ख्रिस्त वगळून तेथे सूर्य ठेवला. ही ओढाताण शेवटपर्यंत मिटली नाही. जुलै १८९० मध्ये तो वारला.

त्याची बने म्हणजे संपूर्ण गेथशेमाने नव्हे. पण गेथशेमानेला जी जागा हवी, ती त्यांत आहे. प्रभू आपल्या रिवाजाप्रमाणे जैतुनांच्या डोंगराकडे गेला, असे संत लूक सांगतो. म्हणजे ती त्याची नेहमीची वाट होती; तेथली झाडे त्याच्या ओळखीची होती. गेथशेमाने या शब्दाचा अर्थच तेलाचा घाणा. तेथे खडबडीत साली होत्या, धूळ होती, कदाचित नाकतोडेही होते. भिंतीवरचे चित्र आपण काढू नये. येत्या पवित्र गुरुवारी त्याच्यापुढे गुडघे टेकताना प्रभूच्या मागची झाडेही क्षणभर पाहावीत. त्या रात्री शिष्य झोपी गेले, तेव्हा ती तेथेच उभी होती.