आंतरराष्ट्रीय विकास धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे नियोजन : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

पदव्युत्तर स्तरावर अभ्यासक्रमाचे नियोजन ही बहुधा प्रशासकीय बाब मानली जाते. अभ्यासमंडळाची बैठक होते, श्रेयांकांची बेरीज जुळवली जाते, घटकांची विभागणी होते आणि संदर्भग्रंथांची यादी जोडली की काम पूर्ण झाले असे समजले जाते. वस्तुतः कोणता विषय आधी आणि कोणता नंतर, कोणता अनिवार्य आणि कोणता ऐच्छिक, या निर्णयांतूनच त्या ज्ञानशाखेची व्याख्या ठरत असते. या अर्थाने अभ्यासक्रम ही एक संहिताच असून तिचीही समीक्षा होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात आंतरराष्ट्रीय विकास धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मांडणी मुंबई उपनगरांच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाचा अर्थ ‘दूरदेशीचे’ असा न घेता ‘देशादेशांतील संबंधांतून घडणारे’ असा घेतला, तर अभ्यासपत्रिकांचा क्रमच बदलावा लागतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

प्रचलित चौकट आणि तिचे मूळ

विकास अभ्यास ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर आकारास आली. हेग येथील सामाजिक अभ्यास संस्था १९५२ साली, तर ससेक्स विद्यापीठातील विकास अभ्यास संस्था १९६६ साली स्थापन झाली. पुढे २००८ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानच्या साहाय्याने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नैसर्गिक विज्ञाने, आरोग्य विज्ञाने, सामाजिक शास्त्रे आणि व्यवस्थापन यांचा मेळ घालणारी ‘विकास व्यवहार’ ही पदव्युत्तर पदवी सुचवली. या सर्व प्रयत्नांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि युरोप-अमेरिकेतील वर्गाच्या दृष्टीने ‘विकासाचे क्षेत्र’ समुद्रापलीकडे असते. त्यामुळे तेथे प्रथम सिद्धांत, नंतर पद्धती आणि शेवटी क्षेत्रभेट हा क्रम भूगोलानेच ठरवून दिलेला असतो. आपण हा क्रम स्वीकारला; परंतु त्यामागील कारण आपल्याला लागू पडत नाही, याचा विचार केला नाही.

राज्यात २०२३ सालापासून लागू झालेल्या आराखड्यानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी ८८ श्रेयांक, म्हणजे प्रत्येक सत्रास २२ श्रेयांक आहेत. त्यांपैकी ५४ श्रेयांक अनिवार्य विषयांना, १६ ऐच्छिक विषयांना, ४ संशोधन पद्धतीला, ४ कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रप्रकल्पाला आणि १० संशोधन प्रकल्पाला दिलेले आहेत. प्रत्यक्ष कामाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास असे मानले, तर दोन वर्षांत क्षेत्रकार्यासाठी १२० तास मिळतात. धोरण जेथे राबवले जाते त्या जागेला या हिशेबात मिळालेले स्थान एवढेच आहे. दोष केवळ आकड्यांचा नाही. अनिवार्य पत्रिकांना क्षेत्राशी बांधणारा कोणताही धागा आराखड्यात नसल्याने हे १२० तास मुख्य अभ्यासाला जोडलेली पुरवणी ठरण्याचा धोका आहे.

उपनगरांतील ज्ञानपरंपरा

मुंबईची उपनगरे या विषयाला परकी नाहीत. संयुक्त राष्ट्रे, भारत सरकार आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने १९५६ साली लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र मुंबईत सुरू झाले. आज गोवंडी-देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. आशिया-प्रशांत विभागातील देशांचे विद्यार्थी येथे लोकसंख्याशास्त्र शिकले आणि १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांची धुराही या संस्थेने वाहिली. गोरेगाव येथे रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था अर्थशास्त्राच्या अंगाने विकासाचा अभ्यास करते. १९३६ साली स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ मध्ये आपल्या अमृतमहोत्सवी वर्षात महापालिकेच्या एम-पूर्व प्रभागासाठी प्रकल्प हाती घेतला.

लोकसंख्या, अर्थशास्त्र आणि समाजकार्य अशी ही तीन भिन्न अंगे लोकलच्या काही स्थानकांच्या अंतरावर आहेत. असे असूनही अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थी या संस्थांची नावे प्रवेशपरीक्षेच्या निमित्तानेच ऐकतो. त्यांच्या कामाचे अहवाल त्याच्या अभ्यासपत्रिकेचा भाग होत नाहीत.

एक अभ्यासविषय : मुंबई नागरी परिवहन प्रकल्प

वरील प्रतिपादन स्पष्ट करण्यासाठी एकच उदाहरण विस्ताराने पाहणे उचित ठरेल. जागतिक बँकेने २००२ साली मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी ५४२ दशलक्ष डॉलरचे साहाय्य मंजूर केले. कुर्ला-ठाणे दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका, बोरिवली-विरार चौपदरीकरण, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते यांचा त्यात समावेश होता. या कामांसाठी सुमारे १,२०,००० लोकांचे पुनर्वसन करावे लागणार होते. मुलुंडहून किंवा बोरिवलीहून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी ज्या लोहमार्गावरून रोज प्रवास करतो, तो मार्गच या अर्थाने अभ्यासविषय आहे.

सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने बाधित झालेल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ साली जागतिक बँकेच्या निरीक्षण मंडळाकडे तक्रारी केल्या. पूर्वीच्या दुकानाचा आकार कितीही असला तरी मोफत मिळणारी जागा २२५ चौरस फूटच होती आणि स्थलांतरामुळे व्यवसाय तुटणार होता. निरीक्षण मंडळाने डिसेंबर २००५ च्या अहवालात पुनर्वसनाच्या तयारीतील उणिवा दाखवल्या. बाधितांच्या उपजीविकेकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, हा त्यांतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या घटकांचे अर्थसाहाय्य काही महिने स्थगित केले. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता वाहतुकीस खुला होण्यास २०१४ साल उजाडले.

या एका प्रकरणात पदवीच्या बहुतेक अनिवार्य पत्रिका सामावलेल्या आहेत. कर्ज आणि त्याची परतफेड हा सार्वजनिक वित्ताचा विषय आहे. बाधितांची मोजणी हा सर्वेक्षणपद्धतीचा आहे. २२५ चौरस फूट हा समन्यायाच्या तत्त्वाचा प्रश्न आहे, कारण सर्वांना सारखे दिल्याने सर्वांना न्याय मिळतोच असे नाही. राज्य शासनाचे पुनर्वसन धोरण आणि बँकेचे निकष यांचा मेळ कसा घातला गेला, हा राज्यशास्त्राचा प्रश्न आहे. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये किंवा वाशी नाका येथे गेलेल्या कुटुंबांच्या रोजगाराचे, शाळेचे आणि पाण्याचे काय झाले, हा समाजशास्त्राचा विषय आहे. वॉशिंग्टनमधील कार्यालय आणि कुर्ल्यातील दुकान यांना जोडणारा हा संबंध हाच ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा खरा आशय होय.

धोरणाचा उलट प्रवास

विकास धोरणे नेहमी बाहेरूनच येतात, असा समज प्रचलित पाठ्यक्रमांतून नकळत दृढ होतो. त्याला छेद देणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क मानणाऱ्या या प्रयोगाचा धागा पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यापर्यंत पोहोचला आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली.

योजनेच्या निधीसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर लागू केला. आपल्या वेतनचिठ्ठीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते, तिचा उगम येथे आहे. शहरातील पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामाच्या हक्कासाठी कर द्यावा, या तत्त्वावर एक संपूर्ण अभ्यासपत्रिका उभी राहू शकते. मेक्सिकोतील १९९७ ची ‘प्रोग्रेसा’ किंवा ब्राझीलमधील २००३ ची ‘बोल्सा फामिलिया’ या रोख साहाय्याच्या योजना तिच्याशेजारी ठेवल्या, की काम द्यावे की रोख रक्कम, हा वाद विद्यार्थ्याला स्वतःच्या भूमीवर उभे राहून समजतो.

संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा, की त्यामुळे दृष्टी संकुचित होईल आणि विद्यार्थी उपनगरातच अडकेल. परंतु स्थानिक प्रकरण हा येथे प्रारंभबिंदू आहे. मुक्कामाचे ठिकाण नव्हे. पुनर्वसनाचा प्रश्न कुर्ल्यात समजलेला विद्यार्थी थायलंडमधील २००३ चा ‘बान मांकाँग’ हा वस्तीसुधार कार्यक्रम वाचताना नेमके प्रश्न विचारू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय संस्थांतील नोकऱ्यांसाठी संख्यात्मक पद्धती आणि अर्थमिती यांवरील प्रभुत्व लागते, ते कमी पडेल, असे म्हटले जाईल. हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच या पत्रिकांचे श्रेयांक कमी करण्याची सूचना येथे केलेली नाही. मात्र गणिती साधने शिकूनही प्रश्न मांडता न येणारा पदवीधर इतरांनी तयार केलेल्या प्रश्नावल्या भरून आणणारा माहिती-संकलक होऊन राहतो. उपनगरी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. शासन निर्णय मराठीत आणि कर्जाचा करार इंग्रजीत वाचू शकणारा, वस्तीची भाषा जाणणारा हा विद्यार्थी विश्लेषक होण्यास सर्वाधिक पात्र असताना अभ्यासक्रम त्याला साहाय्यकाच्या भूमिकेत ठेवतो.

पर्यायी मांडणी

८८ श्रेयांकांची चौकट न मोडताही बदल शक्य आहे. ऐच्छिक विषय, संशोधन पद्धती, क्षेत्रकार्य आणि संशोधन प्रकल्प यांचे मिळून ३४ श्रेयांक होतात. ते एका सूत्रात ओवता येतील :

१. पहिल्या सत्रात सर्व पत्रिकांसाठी एकच सामाईक प्रकरण निवडावे. संशोधन पद्धतीच्या पत्रिकेत शासन निर्णय, कर्जकरार, लेखापरीक्षण अहवाल आणि तक्रार-अर्ज यांचे वाचन शिकवावे.

२. दुसऱ्या सत्रातील क्षेत्रकार्याचे १२० तास सलग न उरकता संपूर्ण सत्रात विभागावेत, म्हणजे वर्ग आणि वस्ती यांत देवाणघेवाण राहील. निष्कर्ष संबंधित रहिवाशांना मराठीत वा त्यांच्या भाषेत परत सांगणे मूल्यमापनाचा भाग असावा.

३. तिसऱ्या सत्रातील ऐच्छिक विषय तुलनात्मक असावेत. अंधेरीतील १९७३ चे सीप्झ निर्यात क्षेत्र किंवा जपानी कर्जातून उभारलेली मेट्रो मार्गिका ३ यांची अन्य देशांतील अनुभवांशी तुलना करता येईल.

४. संशोधन प्रकल्पाचे ४ आणि ६ श्रेयांक एकाच प्रश्नाला दोन सत्रे द्यावेत.

संलग्न महाविद्यालयांना यासाठी अभ्यासमंडळावर अवलंबून राहावे लागेल. स्वायत्त महाविद्यालयांना मात्र अशी सबब सांगता येणार नाही. वाणिज्य, विज्ञान आणि कला शाखांचे प्राध्यापक एकाच इमारतीत असूनही एकत्र न शिकवण्याची सवय हाच येथे मोठा अडसर आहे.

समारोप

आंतरराष्ट्रीय विकास धोरणाच्या अभ्यासक्रमाचे यश त्यातील परदेशी ग्रंथांच्या संख्येवरून ठरत नाही. दूरच्या दालनात घेतलेला निर्णय आणि जवळच्या वस्तीत झालेला त्याचा परिणाम यांतील दुवा विद्यार्थ्याला दाखवता येतो का, यावरून ते ठरते. हा दुवा शोधण्यासाठी लागणारी सामग्री उपनगरांत विपुल आहे. अभ्यासपत्रिकांच्या क्रमात तिला प्रथम स्थान द्यायचे की अखेरच्या १२० तासांत तिची बोळवण करायची, हा निर्णय सर्वस्वी शैक्षणिक आहे आणि तो अभ्यासमंडळांत बसणाऱ्या प्राध्यापकांनीच घ्यावयाचा आहे.