बेंजो आणि भावगीत

लग्नसराई सुरू झाली की पनवेल-उरणकडच्या आगरी-कोळी गावांत बेंजो घुमू लागतो, आणि त्याच्या मागोमाग सुशिक्षित घरांतून एक ठरावीक तक्रारही ऐकू येते. ‘याला का संगीत म्हणायचे?’ असे विचारणाऱ्याच्या घरी शांता शेळके यांची, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली कोळीगीते बहुधा मोठ्या आवडीने ऐकली जातात. दर्या तोच, होडी तीच, ठेकाही पुष्कळसा तोच. मग एक संस्कृती आणि दुसरा गोंगाट, हा निवाडा कोणत्या कसोटीवर झाला?

या कोळीगीतांचे मोठेपण मला मान्य आहे. ‘मी डोलकर’मध्ये लताबाई आणि हेमंतकुमार यांचे स्वर एकमेकांना ज्या सहजतेने भेटतात, ती सहजता फार कष्टाने मिळालेली असते. शब्द निवडलेला, उच्चार स्वच्छ, वाद्यमेळ मोजका. गजानन वाटवे, सुधीर फडके यांनी घडवलेल्या भावगीताचाच हा संस्कार आहे. हे गाणे घरात बसून एकट्याने ऐकावे. परंतु एक गोष्ट आपण विसरतो. भावगीताचा हा हळुवारपणाही विजेचीच देणगी आहे. ओठांशी ध्वनिक्षेपक आला म्हणून गायकाला कुजबुजता आले. रेडिओ आणि तबकडी आली म्हणून ती कुजबूज माजघरात पोचली. तेव्हा एक गाणे ‘नैसर्गिक’ आणि दुसरे ‘यंत्राचे’, हा भेद टिकत नाही.

आता बेंजोकडे पाहू. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी टायपरायटरसारख्या कळा बसवलेले एक तंतुवाद्य तयार केले, त्याचा हा वंशज. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला, दिवाणखान्यातले हौशी वाद्य म्हणून नांदला. पण वरातीत ढोल-ताशापुढे त्याचा काय पाड लागणार? म्हणून कोणीतरी तारांखाली पिकअप बसवला, टेंपोवर कर्णे आणि जनरेटर चढवले, आणि दिवाणखान्यातला बुलबुल रस्त्यावर आला.

असेच एक स्थित्यंतर अमेरिकेत घडले. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवर राबणारा मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतील गलक्यात त्याची साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. १९५८ साली तो इंग्लंडला गेला, तेव्हा शांत, खेडवळ ब्लूजची अपेक्षा करणाऱ्या कित्येकांना त्याचा आवाज कर्कश वाटला. पुढे १९६४ साली त्याच मडीची साध्या गिटारीवरची तबकडी ‘फोक सिंगर’ या नावाने निघाली. माणूस एकच, दुःख एकच. गुत्त्यात त्याला गर्जावे लागले, घरातल्या श्रोत्यासाठी हळू बोलावे लागले. यांतले कोणते खरे, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणते कोणासाठी, हे विचारले पाहिजे.

रांगडेपणा म्हणजे कसबाचा अभाव, हाही एक गैरसमज. बेंजोच्या कळा ठरलेल्या जागी असतात, त्यामुळे सतारीसारखी मींड त्यावर निघत नाही. जाणता वादक कळ जोराने दाबून तार किंचित ताणतो, झरझर शेजारच्या कळांवरून जातो, आणि नसलेल्या मींडेचा भास उभा करतो. त्या किंचित बेसूर ताणात जो हुंकार आहे, तो घोटीव कोळीगीतात मला सापडत नाही. तिथे दर्या किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. सुंदर आहे, पण पाय कोरडे आहेत. २०१६ साली रवी जाधव यांनी या वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. समीक्षकांनी मात्र या वादनाचा गंभीरपणे विचार केला आहे, असे दिसत नाही.

मग मी बेंजोचा वकील आहे का? अर्धाच. या दोघांच्या भांडणात तिसरीचा आवाज बुडाला आहे. ती म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात एकेक विधी गाऊन पार पाडणाऱ्या या बाईचे धवले म्हणजे मराठी कवितेचे फार जुने नाते. तेराव्या शतकातल्या महदंबेची रचना ‘धवळे’ याच नावाने ओळखली जाते, आणि आपली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचे नाव मुलांना शिकवतो. पण त्याच जातीचे गाणे मांडवात चालू असते तेव्हा आपण जेवणाच्या पंगतीची चौकशी करत असतो. धवलारणीला ध्वनिक्षेपक नको असतो, तिला ओळ उचलणाऱ्या चारदोन बायका पुरतात. बाहेर कर्णा सुरू झाला की त्या बायकांना तिची ओळच ऐकू येत नाही, आणि न उचललेली ओळ तिथेच मरते.

रात्री दहानंतर कर्णे बंद, हा नियम २००० सालापासून आहे. तो झोपणाऱ्यांसाठी आहे. मला गाणाऱ्यांसाठी एक नियम हवा आहे, आणि तो सरकारने नव्हे, गावाने करावा: हळद लागत असताना बेंजोने थांबावे. वरातीत त्याने खुशाल गर्जावे, तिथे मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण जो स्वतः ऐकू येत नव्हता म्हणून विजेकडे गेला, त्याने दुसऱ्याला ऐकू येईनासे करू नये.