मथुरेच्या वाटेवर मावशी

तमाशात गणाच्या, म्हणजे आरंभीच्या गणेशवंदनेच्या, आधी हलगी बोलते. ढोलकीवाला कड्या ओढून सूर जुळवतो, हलगीला उत्तर देतो, आणि दोघांची झटापट रंगली की तुणतुणं आणि मंजिरी घेतलेले सुरते मागे उभे राहतात. मग शाहीर पहिली ओळ वरच्या पट्टीत टाकतो. तिचं शेपूट सुरते झीलीत उचलतात. शाहिराचा श्वास संपतो तिथे त्यांचा सुरू होतो, मध्ये फट म्हणून राहत नाही.

जुन्नर तालुक्यात गणाला वेगळं वजन आहे. अष्टविनायकांतले दोन, ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज, इथलेच. संकष्टीला मी ओझरला जातो. तिथे गणपती गाभाऱ्यात असतो, आपण त्याच्यापर्यंत चालत जायचं. गणात मात्र मूर्ती नसते, फुलं नसतात. फळ्यांच्या स्टेजवर त्याला नुसत्या गळ्याच्या बळावर बोलवायचं असतं. म्हणूनच गणातला सूर इतका चढा लागतो. त्याला कर्कश म्हणणाऱ्यांना ही गरज समजलेली नाही.

वर्गात मी भरताच्या नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय शिकवतो, पूर्वरंगाचा. त्यात त्रिगत नावाचा भाग येतो. सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक तिघं बोलतात आणि विदूषक त्या सगळ्या गांभीर्यात खोडी काढतो. जुन्नर-आंबेगावच्या गावांतून आलेली मुलं हे ऐकताच म्हणतात, "सर, ही तर गौळण!" तमाशा भरतातून उतरला असा दावा मी करणार नाही. पण वंदनेला लागूनच हसू हवं, हे दोन्हीकडच्या रंगकर्मींना उमगलेलं होतं.

गणामागून येणारी ही गौळण नीट पाहायला हवी. गौळणी येतात त्या पाठमोऱ्या, डोक्यावरून पदर दोन्ही हातांनी ताणून धरलेला. तोंड वाजवणाऱ्यांकडे, पाठ आपल्याकडे. काही क्षण प्रेक्षक हा त्या नाचाचा धनीच नसतो. नाच वाद्यांना वाहिलेला असतो. मग त्या वळतात, आणि तेवढ्या एका वळण्याने मथुरेचा रस्ता तयार होतो. पडदा नाही, कदंब नाही, यमुना नाही. वाट अडवायला कृष्ण येतो तोही पुष्कळदा फेटा बांधून. सोबत लंगडा पेंद्या. दूध-दह्यावर दान मागितलं जातं आणि गौळणींच्या पुढे मावशी उभी राहते.

मावशी म्हणजे डोक्यावर उपरणं घेतलेला पुरुष. मिशी लपवायची तसदी तो घेत नाही, लपवूही नये. आपण त्याला बाई मानतो ते त्याच्या बोलण्याच्या लयीवरून. ही मावशी देवाची उलटतपासणी घेते. देव असशील तर दह्यासाठी हात का पसरतोस? गावचा आहेस, तर कुणाच्या घरचा? आमच्याकडच्या जत्रांत ती नारायणगावच्या टोमॅटोचा भाव काढते, मंचरच्या बाजारात कांदा कितीला गेला ते सांगते, आणि शेतकऱ्याच्या हाती काही उरत नसताना कर मागायला लाज नाही वाटत, असं कृष्णाच्या तोंडावर विचारते. समोर बसलेले तेच शेतकरी असतात. सकाळी त्यांनी ग्रामदैवताला अभिषेक घातलेला असतो, दुपारी घाटात बैलगाडे पळवलेले असतात. देवाची अशी खरडपट्टी निघताना ते पोट धरून हसतात, आणि गौळण पुन्हा गाण्यावर आली की त्यातलीच म्हातारी माणसं हात जोडतात. दोन्ही गोष्टी एकाच मनातून येतात. ही श्रद्धा मला फार मोठी वाटते. तिला देवाच्या अब्रूची काळजी करावी लागत नाही.

रात्री एकनाथांच्या गौळणी वाचताना फरक जाणवतो. तिथे गोपीची तक्रार हळूहळू विरघळते आणि शेवटी ती स्वतःच कृष्णमय होते. तमाशातली मावशी विरघळत नाही. भांडण मिटतं, दान दिलं जातं, पण तिचा प्रश्न तसाच उभा राहतो. यामागे इतिहास आहे. तमाशाचे फड प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी उभे केले. शाहीर पठ्ठे बापूराव कुलकर्णीपण सोडून याच फडांत आले आणि त्यांनी गण-गौळणींना शब्दांचं वैभव दिलं. पण वाजवणारे हात आणि नाचणारे पाय यांना देवळाची दारं बंद होती. नारायणगावचं नाव ज्यांनी मोठं केलं त्या भाऊ-बापू मांगांच्या घरातली तमाशा कलावंत विठाबाई 1935 साली पंढरपुरात जन्मली. नाव विठा, आणि विठोबाचं मंदिर तिच्या समाजाला खुलं झालं ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. पुढे 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार तिला मिळाला. ज्यांना गाभारा नाकारला त्यांनी देवाला बाजाराच्या वाटेवर गाठलं, त्याला सवाल केला आणि त्याच्यासाठी गायलंही. मावशीचा आवाज एवढा निर्भय का, याचं उत्तर मला इथे सापडतं.

मुलांकडून मी गौळण करून घेतो तेव्हा संवाद आधी देत नाही. आधी नुसतं पाठमोरं उभं राहून ढोलकी ऐकायची. वळायचं कधी, ते ठेक्यानेच सांगायला हवं. पुष्कळजण घाईने वळतात.

घाई हल्ली फडांतही शिरली आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, पुढे बसलेल्या पोरांना सिनेमाची गाणी हवी असतात, म्हणून गण दोन कडव्यांत आटोपतो आणि मावशी चार विनोद करून आत जाते. मग गौळणीनंतरचं कथानाट्य, म्हणजे वगही पोरका वाटतो, कारण राजाला प्रश्न विचारणाऱ्या सोंगाड्याची जीभ गौळणीतच धारदार झालेली असते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात, बिदागीवर घासाघीस होते. त्याच बैठकीत त्यांनी फडमालकाला एवढं सांगावं, की गण-गौळण पुरी हवी आणि मावशीला बोलू द्यायचं.